मराकेशचा वाडा, वसईची वाडी

वसईच्या माणसाला परदेशातला राजवाडा दाखवायला नेण्यात फारसा अर्थ नाही. तो छताकडे बघत नाही, झाडांकडे बघतो. मराकेशच्या बाहिया राजवाड्यात आमच्या गटातल्या सगळ्यांच्या माना देवदाराच्या रंगीत छतांकडे वळल्या होत्या, तेव्हा गिरिजचे एक काका अंगणातल्या केळीपाशी हात मागे बांधून उभे होते. “पिल्लं काढलेली नाहीत कुणी,” ते म्हणाले. “घड पोसणार कसा?” मग त्यांनी गाइडला विचारलं, “विहीर कुठंय?” गाइड विचारात पडला. त्याला आजवर लोकांनी फक्त स्वच्छतागृह कुठं आहे एवढंच विचारलं असावं.

हा वाडा सुलतानाचा नव्हे, वजिरांचा. सी मुसा या वजिरानं 1860च्या दशकात त्याची सुरुवात केली आणि त्याचा मुलगा बा अहमद यानं 1894 ते 1900 या काळात तो वाढवला. वाढवला म्हणजे शेजारपाजारची घरं हाती येतील तशी घेतली आणि जोडली. त्यामुळे वाड्याला नकाशा असा नाहीच. चौकातून बोळ, बोळातून बाग, बागेतून पुन्हा भलत्याच चौकात. पुण्याच्या मंडळींना चुकल्यासारखं होत होतं. नालासोपाऱ्याची मंडळी मात्र सराईतपणे पुढं निघाली होती. खोल्या दीडशेच्या आसपास, पण एकीतही खुर्ची नाही. 1900 मध्ये बा अहमद गेला आणि सुलतान अब्देलअझीझच्या हुकमानं वाडा रिकामा झाला. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं जोडणाऱ्याचं सामान पहिल्या झटक्यात गेलं.

राहिलं काय, तर अंगण. मधे कारंजं, भोवती वाफे, संत्री, जाई, केळी. मराकेशला वर्षाकाठी पाऊस पडतो अडीचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर. आपल्याकडे जुलै मनावर घेतो तेव्हा एखाद्या दिवसातच तेवढा ओततो. त्या कोरड्या गावात अॅटलस डोंगराच्या पायथ्याकडून जमिनीखालच्या चरांतून, ज्यांना तिथं खेत्तारा म्हणतात, शतकानुशतकं पाणी आणलं गेलं. म्हणून तिथं श्रीमंती दाखवायची तर सोन्याचा पलंग दुय्यम; पाहुण्याला आधी वाहतं पाणी दाखवायचं. ओंजळभर पाण्याचा इतका थाट मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

बाहियापासून चालत जाण्याच्या अंतरावर एल बादी हा दुसरा वाडा आहे. त्याच्याशी आपलं, म्हणजे वसईकरांचं, लांबचं नातं लागतं. 1578 मध्ये पोर्तुगालचा चोवीस वर्षांचा राजा सेबास्तियाँव मोठं सैन्य घेऊन मोरोक्कोवर चालून गेला आणि क्सार एल-केबीरच्या लढाईत मारला गेला. त्याचे सरदार पकडले गेले. त्यांच्या सुटकेसाठी जो पैसा मोजावा लागला, त्यातूनही सुलतान अहमद अल-मन्सूरनं हा वाडा उभारला. तेव्हा वसई पोर्तुगीजांच्याच हाती होती. म्हणजे इकडे आमच्या किल्ल्यात पोर्तुगीज चर्चं आणि मठ बांधत होते आणि तिकडे त्यांच्याच पैशांनी दुसऱ्याचं घर उभं राहत होतं. दोन ठिकाणी बांधकाम काढलं की हिशेब हाताबाहेर जातो, हे वसई-विरार पट्ट्यात कुणाला समजावून सांगायला नको.

एल बादी पुरा झाल्यावर सुलतानानं आपल्या विदूषकाला मत विचारलं, अशी गोष्ट सांगतात. तो म्हणाला, “पडला की मातीचा ढीग झकास होईल.” असा एक विदूषक प्रत्येक बिल्डरनं पगारी ठेवायला हरकत नाही. पुढं खरंच सुलतान मौले इस्माईलनं वाड्याचा संगमरवर उचकटून मेकनेसला नेला. आज तिथं भल्यामोठ्या चौकात खोलगट बागा आहेत, संत्र्यांची झाडं आहेत आणि भिंतींच्या टोकांवर करकोच्यांची घरटी.

आपल्या किल्ल्याची कथा वेगळी नाही. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. तिकडचा संगमरवर मेकनेसला गेला, इकडच्या चर्चच्या घंटा भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात गेल्या, आणि तिथं त्या अजून आहेत. फ्रान्सिस्कन मठाच्या कमानी उरल्या, दगडी चौक उरले. करकोच्यांच्या जागी आपल्याकडे प्री-वेडिंगवाली जोडपी असतात. तीही एका जागी फार वेळ स्थिर उभी राहतात.

वाडे पडतात, त्याचं विशेष वाईट वाटायला नको. राजांनाही ते टिकवता आले नाहीत. पण ज्या बागेसाठी आणि पाण्यासाठी आपण विमानानं मराकेशला जातो, ती बाग आणि ते पाणी वसईत सामान्य माणसाच्या दारात होतं. नंदाखाल, भुईगाव, निर्मळ, आगाशी, कुठंही जा: घरामागं वाडी, वाडीत केळी, पानवेली, मोगरा, सोनचाफा, आणि कडेला बावखल. पावसाचं पाणी साठवणारं, जमिनीत मुरवणारं, पूर्वी रहाटानं वाडीला पाजणारं गोडं तळं. त्याला ना कारंजं, ना तिकीट, ना गाइड. एखाद्या बावखलात म्हैस डुंबलेली असायची. सुलतानाच्या हौदाला ती शोभा कधी आली नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरचे लोक हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले ते याच पाण्यासाठी आणि मातीसाठी. तरीही बावखलं बुजत गेली. रात्री डेब्रिसचा डंपर येतो आणि सकाळी तिथं सपाट जमीन असते. मग त्यावर इमारत उभी राहते आणि तिच्या कमानीवर अमुक गार्डन, तमुक पॅलेस असं लिहिलेलं असतं. बागेची आणि राजवाड्याची हौस एकाच पाटीत फिटते. 2018च्या जुलैमध्ये वसई-नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेले, घरांत पाणी शिरलं, तेव्हा पुष्कळ पॅलेसांना तळमजल्यावर हौदही मिळाला.

मोरोक्कोला अवश्य जा. संत्र्याखाली बसा, फोटो काढा, कारंज्याचं कौतुक करा. फक्त विमानात बसण्यापूर्वी आपल्या आळीतलं बावखल कुठं आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. शिल्लक असेल तर पावसाळ्याआधी चार माणसं जमवून त्यातला गाळ काढा, आणि डंपर आलाच तर त्याला परत पाठवा.