डोंगलवाले भाऊ

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या डोंगलवाल्या भाऊंच्या पाटीवर झेरॉक्स, पॅन कार्ड, जीएसटी, ई-निविदा असं सगळं असतं. खरा कारभार मात्र ड्रॉवरात चालतो. जयहिंद चौकातला ठोक किराणावाला, मोर्णा नदीपल्याडचा दालमिलवाला, महापालिकेच्या नाल्या बांधणारा ठेकेदार, सगळ्यांच्या डिजिटल सह्यांची डोंगलं तिथे नावाची चिठ्ठी चिकटवून पहुडलेली असतात. चिठ्ठीच्या पाठीमागे पिनही असतो, म्हणजे शोधाशोध नको. लोक भाऊंना कॉम्प्युटरचा मेकॅनिक समजतात. ही समजूत चुकीची आहे. भाऊंकडे येणाऱ्या तक्रारींत यंत्र क्वचितच बिघडलेलं असतं. तुटलेली असते ती मालकाची स्वतःच्याच सहीशी असलेली ओळख, आणि भाऊ ती दर महिन्याला नव्याने करून देतात.

पुरावा हवा असेल तर महिन्याची वीस तारीख पाहावी. जीएसटीचं मासिक थ्री-बी विवरणपत्र भरायचा तो शेवटचा दिवस. डोंगल स्वतःकडे ठेवणाऱ्या एखाद्या शेठचा ‘भाऊ, सही दिसूनच नाही राह्यली!’ असा फोन येतो. ‘शेठ, डोंगल लावलं काय?’ या प्रश्नाने शेठ दुखावतात. मग डोंगल घरी कपाटात निघतं. कधी उलट होतं : पडद्यावर सहीचं प्रमाणपत्र दिसतं, पण सही उमटत नाही. कारण विंडोजने जपून ठेवलेलं असतं नुसतं प्रमाणपत्र. सही करणारी गुप्त किल्ली डोंगलच्या, म्हणजे टोकनाच्या, पोटात असते आणि तिथून ती बाहेर येत नाही. कधी एकाच नावाची दोन प्रमाणपत्रं असतात आणि शेठ निष्ठेने मुदत संपलेलंच निवडतात. कधी नवं प्रमाणपत्र घेतलेलं असतं, पण पोर्टलवर त्याची नोंदणीच झालेली नसते. आणि मदरबोर्डचा सेल गेला असेल तर कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे जाऊन बसतो. त्याच्या हिशेबाने शेठचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं असतं. टोकनाचा ड्रायव्हर किंवा सही उमटवणारं ईएमसाइनर सॉफ्टवेअर खरोखर बिघडल्याचे प्रसंग या यादीत शेवटी येतात, पण शेठचा संशय पहिल्यांदा त्यांच्यावरच.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पुण्यात इंजिनिअर झालेला मुलगा व्हिडिओ कॉलवर दुरुस्त करेल. करेलही. पण मुलाला उपाय ठाऊक असतात, क्रम ठाऊक नसतो. तो आधी सगळं काढून टाकतो, मग पुन्हा टाकतो, आणि उत्साहाच्या भरात टोकनच कोरं करतो. किल्ली कायमची गेली. आता नवं प्रमाणपत्र विकत घ्या. शिवाय चुकीचा पिन ठराविक वेळा पडला की टोकन कुलूपबंद होतं, आणि ‘आपण किती वेळा टाकला’ हे शेठ मुलाला खरं सांगत नाहीत. भाऊ मात्र जुन्या वैद्यासारखे आधी काय खाल्लं ते विचारतात. हात नंतर लावतात.

दुसरा आक्षेप जड आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 42 सांगतं की किल्ली सहीच्या मालकाने स्वतःच्या ताब्यात ठेवावी आणि ती फुटली तर विनाविलंब कळवावं. म्हणजे भाऊंचा ड्रॉवर हाच मुळात कायद्याला वळसा. आक्षेप खरा आहे, पण ड्रॉवर भरला कोणी? तिजोरीची किल्ली शेठ करदोड्याला बांधतात, पोटच्या पोराला हात लावू देत नाहीत. आणि कायद्याने हातच्या सहीइतकीच बांधणारी ही सही दुकानातल्या पोराच्या हाती कॅरीबॅगमध्ये धाडतात. पेनाने करायच्या सहीला शेठ चष्मा लावून कागद वाचतात, कारण तिथे आपलं नाव उमटताना दिसतं. इथे काहीच दिसत नाही, म्हणून जोखीमही दिसत नाही. भाऊंचं दुकान उद्या बंद केलं तर ड्रॉवर फक्त दुसऱ्या गल्लीत जाईल. म्हणून दुरुस्ती भाऊंनीच करावी. टोकन लावणं, कागद वाचणं आणि पिन टाकणं तेवढं शेठकडे परत जावं. भाऊंची याला ना नाही. ‘शेठ, पिन तुमीच टाका, मी भिताकडे तोंड करतो,’ असं ते म्हणतात. शेठ बोट उचलतात, थांबतात आणि विचारतात, ‘कोनता पिन, भाऊ? थो तं तुमालेच माईत हाये!’