सड्यावर सहकुटुंब

भाच्याने ॲरिझोनाच्या वाळवंटी घळींतून सहकुटुंब चालतानाचे फोटो धाडले आणि आमच्या घराण्याची इभ्रत धोक्यात आली. वाळवंटच हवं ना? मग रत्नागिरीचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आहे की! पावसाळ्यात फुलांनी भरतो खरा. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये नुसता तापलेला जांभा, सावली औषधालाही नाही. तिथल्या उक्षी गावचा कातळात कोरलेला हत्ती पाहायचं ठरलं.

सोबत मुंबईचे काका. २०२० च्या गणपतीत गावी येऊन कोरोनामुळे १० दिवस विलगीकरणात काढलेले, म्हणजे घरातले एकमेव साथरोगतज्ज्ञ. क्षितिजापर्यंत चिटपाखरू नाही, तरी काकांच्या नाकावर दोन मास्क! काकूंनी आंबोळ्यांचा डबा उघडला मात्र, सगळे हात एकाच चटणीत.

गुरं राखणारे आजोबा लांबूनच ओरडले, “मुंबैवाले काय?” आणि चार पावलं मागे सरले. काका जाम दुखावले. “आम्ही इथलेच!”

कातळशिल्पाच्या रेषा उठून दिसायला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं. आम्ही पोचलो भर बाराला. फोटोत मास्कमुळे माणसं ओळखू येईनात, उन्हामुळे हत्ती दिसेना. स्पष्ट आला तो फक्त आंबोळ्यांचा डबा.