मोफत पदवीच्या लाभार्थी पालकांस

प्रति,
किनवट, मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा व लगतच्या गावांतील सर्व पालक, ज्यांच्या पाल्यांचे शिक्षण मोफत झाले आहे

विषय : मोफत शिक्षणास लागणाऱ्या पैशांबाबत

सरकारी सवलत शुल्कावर मोजली जाते आणि अनुदानित महाविद्यालयात शुल्क हाच बहुधा खर्चातला सर्वांत लहान आकडा असतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मागास व इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याच घरातल्या मुलाला माफी निम्मी. एसटीचा हिशेब मात्र उलटा चालतो : बारावीपर्यंत मुलीचा पास फुकट, पदवीला गेली की ती सवलतीच्या पासाचे पैसे मोजण्याइतकी मोठी होते.

17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि औरंगाबादचे हेलपाटे वाचले. पुढे लातूरलाही उपपरिसर झाला. तरी किनवटहून विष्णुपुरीच्या या विद्यापीठात रोज जाऊन-येऊन कोणी एम. एस्सी. करत नाही. म्हणजे खोली आली, खोलीचे डिपॉझिट आले, डबा आला. लातूरमध्ये याच खोल्यांसाठी शिकवणीला आलेली नीटची मुले रांगेत असतात आणि घरमालक भाडे त्यांच्या ऐपतीने ठरवतो. बी. ए.च्या मुलाने बी. ए.ला कमी भाडे पडेल असा गैरसमज करून घेऊ नये.

अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यास सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्याच्यासाठी स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये : भोजनास 25,000, निवासास 12,000, निर्वाहास 6,000. भागाकार पालकांनी स्वतः करावा. भोजनाला दिवसाला साधारण 68 रुपये येतात, त्यात दोन वेळा जेवायचे. निवासाला महिन्याला एक हजार. या भाड्यात खोली सापडल्यास पत्ता इतर लाभार्थ्यांनाही कळवावा. योजना वाईट नाही. ती मिळालेला मुलगा न मिळालेल्यापेक्षा पुष्कळ सुखी असतो.

खरी मेख वेळेची आहे. प्रवेश जून ते ऑगस्टमध्ये होतात. तेव्हा घरातला पैसा सोयाबीनच्या बियाण्यात आणि खतात गेलेला असतो आणि तो परत येतो दसऱ्यानंतर, भाव मिळाला तर. शिष्यवृत्तीचे गणित आणखी लांबते : तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, आधारला जोडलेले खाते, महाडीबीटीवरचा अर्ज, महाविद्यालयाची पडताळणी, मग समाजकल्याणची. प्रत्येक दाखल्यामागे एक बुडालेला रोज असतो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी शुल्क घेऊ नये, अशी परिपत्रके निघतात. खोली आणि खानावळ यांना मात्र परिपत्रक लागू नाही.

मधल्या महिन्यांचा खर्च आडतीवरच्या उचलीतून निघतो. माल पुढे त्याच आडतीवर घालावा लागतो, त्यामुळे भावाची घासाघीस करण्याची सोयही जाते. उचलीचे व्याज आणि भावातली ही तूट या दोन रकमा पदवीच्या खर्चात धराव्यात. अर्जात त्यांच्यासाठी रकाना नसल्याने त्या कोरा कागद घेऊन स्वतंत्र लिहाव्यात.

प्रत माहितीस्तव : आडत दुकानदार, घरमालक, खानावळचालक.