गटाराची चोपडी

द्वारका चौकात रिक्षा अडकली की माणसाला तत्त्वज्ञान सुचतं. मुंबई-आग्रा महामार्ग एकीकडून येतो, पुणे रस्ता दुसरीकडे फुटतो, डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि पायाखाली एक भुयारी मार्ग आहे, जो पादचाऱ्यांसाठी बांधला आणि पादचाऱ्यांनीच नापसंत केला. या सगळ्याच्याही खाली आणखी एक वाहतूक चालते. तिला सिग्नल नाही, हवालदार नाही, तरी रात्री जेवलेलं सकाळी मुकाट टाकळीच्या दिशेनं निघतं. द्वारकेतून वेळेवर सुटणारी तेवढी एकच गोष्ट.

तर, या वाहतुकीची कुणीतरी रोजच्या रोज नोंद ठेवावी असं शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. नाशिककरांना यात नवल वाटायचं कारण नाही. रामकुंडावर जाऊन गाव आणि आडनाव सांगा. तुमचे खापरपणजोबा कोणत्या साली कुणाच्या अस्थी घेऊन आले होते, ते गुरुजी चोपडी उघडून सांगतात. गटारही चोपडी लिहितं. फरक इतकाच, की तिच्यात नाव नाही, गोत्र नाही, नुसता आजार असतो. पुष्कळसे विषाणू ताप चढायच्या आधीच विष्ठेतून बाहेर पडू लागतात. डॉक्टरकडे न गेलेला, गेला तो फी ऐकून परत फिरलेला, "मला काही झालेलं नाही" म्हणत लग्नाच्या पंगतीला बसलेला, सगळ्यांची तिथे नोंद होते.

मुंबईनं ही चोपडी २००१ सालापासून वाचायला घेतली. सांडपाण्याच्या बाटल्या परळला, हाफकिनच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्रात जाऊ लागल्या. पोलिओचा विषाणू असा लबाड, की शरीरात शिरला तरी साधारण दोनशेत एकाचाच पाय लुळा पडतो. उरलेली पोरं अंगणात खेळत असतात आणि विषाणू वाटत असतात. नुसते लुळे पाय मोजून तो सापडला नसता. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्र मिळाल्यावर काम बंद करायची आपली पद्धत. इथे मात्र बाटल्या भरणं चालू राहिलं. म्हणून २०१६ मध्ये हैदराबादच्या सांडपाण्यात लशीतून उपजलेला विषाणू पकडला गेला आणि एकही मूल लुळं पडायच्या आत लसीकरणाची मोहीम निघाली. गटार गरिबांचीच चुगली करतं असंही नाही. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यातही पोलिओ निघाला. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी मलजल केंद्रांवरून कोविडचा माग काढला. पुणेकर न विचारता मत देतात, त्यांच्या गटारानं का मागे राहावं?

२०२५ मध्ये आयसीएमआरनं जाहीर केलं, की ही तपासणी पाच शहरांवरून पन्नास शहरांत न्यायची आणि दहा विषाणू शोधायचे. नाशिकनं रांगेत पुढे घुसावं. आपली पात्रता मोठी आहे. बाटलीत माणसाचा ऐवज किती आणि पावसाचं पाणी किती, हे ठरवायला शास्त्रज्ञ मिरचीच्या झाडाचा एक विषाणू मोजतात. तिखट खाणाऱ्याच्या पोटातून तो सुखरूप बाहेर पडतो, त्रास कुणाला देत नाही. रविवारी सकाळी मिसळीसाठी नंबर लावणाऱ्या या शहरात तो विषाणू कमी पडला, तर मी हे सदर बंद करीन.

अडचण वेगळीच आहे. लंडनचं गटार केंद्रापर्यंत बंद नळातून जातं, शेवटी एक बाटली भरली की लाखो लोकांची हजेरी लागते. आपल्याकडे कुणाचं ड्रेनेजला जोडलेलं, कुणाचं शोषखड्ड्यात, कुणाचं थेट नाल्यात, आणि कागदावर पावसाळी असलेली गटारं एप्रिलातही वाहतात. बाटली कुठे बुडवायची? तरी मुंबईनं उघड्या नाल्यांतून नमुने घेतलेच. आपल्याला तर नासर्डी आहे. तिची दुर्गंधी जाईना, तेव्हा तिला नंदिनी म्हणायला सुरुवात झाली. शुद्धीकरणाचा याहून स्वस्त प्रकल्प माझ्या पाहण्यात नाही. टाकळीला याच नदीच्या पात्रात उभं राहून समर्थ रामदासांनी बारा वर्षं जप केला, अशी परंपरा आहे. आज टाकळीला मलनिस्सारण केंद्र आहे. बारा वर्षं जाऊ द्या, महापालिकेच्या कुणा साहेबांनी तिथे बारा मिनिटं उभं राहून दाखवावं.

हा विषय लावून धरायचा म्हणून मी मनातल्या मनात एक बैठक घेतली. (खरी घ्यायची तर नाश्ता लागतो.)

ड्रेनेजचे साहेब म्हणाले, "पाणी आमचं. पण त्यातला विषाणू आरोग्याचा."

आरोग्याचे साहेब म्हणाले, "विषाणू आमचा. पण तो चेंबरमध्ये आहे, आणि चेंबर ड्रेनेजचं."

"चेंबर रस्त्यात आहे, आणि रस्ता महामार्गाचा."

महामार्गाचे साहेब बैठकीला निघाले होते. ते द्वारकेत अडकले.

शेवटी एका ज्येष्ठांनी मुद्द्याला हात घातला. "समजा, अहवाल पॉझिटिव्ह आला. रुग्ण कोण?"

"ते कळत नाही साहेब. त्या भागात रोग आलाय, एवढंच कळतं."

"मग नोटीस कुणाला काढायची?"

बैठक तहकूब झाली. भीती खरी इथेच आहे. कागदावरचा रोग आटोक्यात ठेवायला आपल्याकडे 'संशयित' नावाचं रामबाण औषध आहे. डेंग्यूनं माणूस सलाइनवर असतो, पण ठरावीक चाचणी ठरावीक प्रयोगशाळेत होईपर्यंत तो संशयित. गटाराला हा शब्द शिकवता येत नाही. शिवाय प्रयागराजचं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. २०२५ च्या महाकुंभात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं हरित लवादाला कळवलं, की नदीच्या पाण्यात विष्ठेतले जिवाणू आंघोळीच्या मर्यादेपेक्षा जास्त आहेत. मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत उत्तर दिलं, पाणी आचमनालाही योग्य आहे. जिवाणूंना विधानसभेत बोलायची मुभा नव्हती.

२०२७ मध्ये आपल्याकडे सिंहस्थ आहे. देशभरातून माणसं येतील, रामकुंडात बुडी मारतील आणि जाताना आपापली नोंद गटाराच्या चोपडीत करून जातील. पूर ओळखायला नाशिकला कधी अहवाल लागला नाही. गोदावरीच्या, म्हणजे आपल्या गंगेच्या, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की गंगेवरचे दुकानदार माल हलवायला लागतात, कमरेला लागलं की अर्धं शहर पूर बघायला निघतं, परिपत्रकाची वाट कुणी बघत नाही. रोगासाठी असाच एक मारुती हवा. दोन तोंडांची माणसं कचेऱ्यांत हवी तेवढी मिळतील, पण त्या मारुतीचं वैशिष्ट्य असं, की दोन्ही तोंडांनी तो पाण्याची पातळी एकच सांगतो.

मागणं मोठं नाही. सिंहस्थाच्या हजारो कोटींच्या आराखड्यात आठवड्याला काही बाटल्या, एक बर्फाची पेटी, प्रयोगशाळेपर्यंत गाडी, आणि निकाल लिहायला द्वारकेच्या चौकात एक फलक. तिथे लोक थांबलेलेच असतात, वाचतील.

तोवर, वाचकहो, गंगेवरून तीर्थ आणलंत तर देव्हाऱ्यात ठेवा. प्यायचंच असेल तर आधी उकळून घ्या.