ओरिजिनल कॉन्टेसा

वाट पाहणं जतच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पावसाची पाहतो, म्हैसाळ योजनेच्या पाण्याची पाहतो, टँकरची पाहतो, विजापूरहून येणाऱ्या एसटीची पाहतो. पण ह्या कलेत आमच्या बापूंचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. ते गेली कैक वर्षं एका गाडीची वाट पाहताहेत, आणि ती गाडी त्यांच्याच बेदाण्याच्या शेडमध्ये उभी आहे.

गाडी म्हणजे कॉन्टेसा. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ च्या सुमाराला ही बाजारात आणली. साचा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा, तिकडे जुना झालेला. गाडी बनायची बंगालात, उत्तरपाड्याला. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, मागे डिकी अशी की दोन पोती शेंगा सहज मावाव्यात. आणि ह्या सगळ्या थाटाखाली सुरुवातीला इंजिन कुठलं, तर ॲम्बॅसेडरचंच, १४८९ सीसीचं. अंग हिंदकेसरीचं आणि काळीज ॲम्बॅसेडरचं! पुढे इसुझूचं अठराशेचं इंजिन आणि पाच गिअर आले तेव्हा कुठे गाडी अंगाला शोभेलशी पळायला लागली. २००२ साली ती बंद झाली. अमेरिकेत १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून दांडगी व्ही-एट इंजिनं घातलेल्या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणायला लागले. आपल्याकडे तसलं काहीच नव्हतं, म्हणून तो मान बिनविरोध कॉन्टेसाकडे गेला. बिनविरोध निवडीचं मोल सहकारातल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

बापूंचा आणि ह्या गाडीचा संबंधही सहकारातूनच आला. बापू शाळेत असताना उसाच्या मुलखातल्या एका साखर कारखान्याचे चेअरमन यल्लम्माच्या यात्रेला आले होते. काळी कॉन्टेसा. पुढे ड्रायव्हर, मागे चेअरमन, आणि चेअरमनच्या पाठीशी सीटवर पसरलेला पांढराशुभ्र टर्किश टॉवेल. खिलार जनावरांच्या बाजारातून ती गाडी हळूहळू गेली आणि लोकांनी आपापली जनावरं कासऱ्याला धरून मागे ओढली. ‘आमदार आला तरी माणसं एवढी बाजूला झाली न्हवती, गुरुजी,’ बापू सांगतात. ती गाडी हीच, अशी त्यांची खात्री आहे. आरसी बुकावर मालक चौथा आहे आणि पहिल्या तिघांत चेअरमन म्हणावं असं कोणी दिसत नाही; पण खात्रीला कागद लागत नाही.

गाडी आणली तेव्हा तिला इंजिन होतं, पण ते आटलेलं. दारं होती, ती उघडत नव्हती. पत्रा होता, त्यातून पलीकडचं दिसत होतं. बापूंनी पहिली खरेदी काय केली असेल? पिस्टन नाही, क्लचप्लेट नाही, टायरसुद्धा नाही. सांगलीला जाऊन पांढरा टर्किश टॉवेल आणला. तो आजही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, वहिनींच्या पैठणीच्या शेजारी ठेवलेला आहे.

बापूंच्या तोंडी एकच शब्द: ‘ओरिजिनल’. गाडी ओरिजिनल ठेवायची, असा त्यांचा पण आहे. आता ह्या ओरिजिनल गाडीची पुढची दोन्ही मडगार्डं कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवा पत्रा ठोकून केलेली आहेत. इंजिन बेळगावच्या भंगारातून आणलेलं, इसुझूचं. अल्टरनेटर मारुती व्हॅनचा. डॅशबोर्ड गावातल्या सुताराकडून सागवानात करून घेतलाय, आणि त्यानं सवयीनं त्याच्या कडेला देव्हाऱ्याला काढतात तशी वेलबुट्टी काढून ठेवली आहे. मधल्या काळात बापूंनी मोबाइलवर अमेरिकेतल्या मस्टँग बघायला सुरुवात केली तेव्हा चाकं रुंद झाली, सायलेन्सर जाड झाला आणि मागचा भाग वर उचलला गेला. आठवड्यानं कोणीतरी म्हणालं, चेअरमनची गाडी अशी नसती. मागचा भाग खाली आला.

मी एकदा विचारलं, ‘बापू, ह्यात आता ओरिजिनल राहिलंय काय?’

बापूंनी शांतपणे सांगितलं, ‘आरसी बुक.’

तेही राहील की नाही, ह्याची शंका त्यांच्या आरटीओ एजंटाला आहे. इंजिन बदललं तर नवा नंबर कागदावर चढवून घ्यावा लागतो. आणि कंपनीनं जशी केली त्यापेक्षा गाडीचा मूळ घाट बदलता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०१९ साली बजावलंय. मग बापूंना कळलं की २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. त्यांनी बोटांवर हिशेब केला. गाडी १९८६ ची. म्हणजे २०३६.

‘मग काय, दहा-बारा वर्षांचा तर प्रश्न,’ ते म्हणाले. ‘पाण्यासाठी थांबलोच की एवढी.’

‘पण त्याला गाडीत फारसा फेरफार केलेला चालत नाही.’

‘तवर परत ओरिजिनल करू.’

बापूंचे मिस्त्री सीमेपलीकडचे. मराठी समजतात सगळं, पण अडचणीचं उत्तर कन्नडमध्ये देतात. रंग कधी होणार? ‘आगतैत्री,’ म्हणजे होतंय. गिअरबॉक्स? ‘आगतैत्री, बापू.’ ॲडव्हान्स संपला की तेवढं मात्र शुद्ध मराठीत सांगतात. तरी माणूस हाताचा कसबी, हे मान्य करायला हवं. दारावर लांबी भरून ती वाळली की हा गडी पाण्यात बुडवलेल्या घासपेपरनं तासतास घासत बसतो. मग डोळे मिटून तळहात पत्र्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतो. डोळ्याला जे सपाट दिसतं त्यात हाताला चढउतार लागतो. एका जागी हात थांबतो, तिथे पेन्सिलीनं गोल करतो, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. बापूही शेजारी डोळे मिटून हात फिरवतात आणि ‘लागतंय, लागतंय’ म्हणतात. त्यांना काय लागतं देव जाणे. इंजिनाचा आवाज ऐकायचा तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावून मूठ कानाशी धरायची, हे मिस्त्रींनी त्यांना शिकवलं. तेव्हापासून बापू घरातला फ्रिज, पाण्याची मोटर आणि एकदा तर शेजाऱ्याची गाभण म्हैससुद्धा तपासून आले.

शेड बेदाण्याची, हे विसरून चालणार नाही. एरवी ती रिकामी असते आणि तिथे गाडी सुखानं नांदते. पण फेब्रुवारी लागला की द्राक्षं उतरतात, डिपिंग ऑइलमध्ये बुडवून जाळ्यांच्या मजल्यांवर पसरतात, आणि गाडीला ताडपत्री पांघरून बाहेर जावं लागतं. एका साली बापू हटून बसले. प्रायमर मारून झालेला, बाहेर फुफाटा. गाडी आतच राहील, माल तिच्या आजूबाजूनं वाळेल. द्राक्षं वाळत असताना मिस्त्रींनी एका कोपऱ्यात थोडासाच स्प्रे मारला. तासगावच्या सौद्यात व्यापाऱ्यानं चिमूटभर बेदाणा उचलला, रंग बघितला, मान डोलावली. नाकाशी नेला. थांबला. दोन दाणे तोंडात टाकून चावत राहिला.

‘बापू, माल झकास हाय,’ तो म्हणाला. ‘पण थिनर कुठल्या कंपनीचा?’

दर किती पडला हे बापूंनी कोणालाच सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं. हिशेबाची वही त्यांच्याकडे असते आणि गाडीचा सगळा खर्च त्या ‘देवधर्म’ ह्या खात्यावर टाकतात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘दिलेलं परत येत न्हाई आन् का दिलं म्हणून इचारायचं न्हाई. दुसरं कुठलं खातं हाय असलं?’

२०२१ च्या अखेरीला बापूंवर खरा आघात झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली, किक मारून चालू होणारी. तिची चित्रफीत आनंद महिंद्रांपर्यंत गेली आणि त्यांनी ती जीप घेऊन बदल्यात नवी बोलेरो दिली. जत बसस्टँडपासून कोर्टापर्यंत जो भेटेल तो बापूंना हीच बातमी सांगायचा, जणू त्यांना माहीतच नाही. बापू दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, ‘गुरुजी, त्यांनी नवी केली. चांगलंच केलं. पण नवी कुणीबी करंल. जुनी करायला अक्कल लागती.’

ह्या अकलेची उजळणी करायला ते दरवर्षी दसऱ्याला कोल्हापूर गाठतात. लोक दसरा चौकात सोनं लुटायला जातात, बापू छत्रपतींची मेबॅक बघायला. १९३० च्या दशकातली ती जर्मन गाडी अजून स्वतःच्या चाकांवर चौकात येते. ‘ती राजाची, ही चेअरमनची,’ परतताना ते म्हणतात. ‘आणि सहकारात चेअरमनच राजा.’

शेवटी पुतण्याचं लग्न ठरलं आणि बापूंनी जाहीर केलं, वरात कॉन्टेसातून निघणार. पत्रिका छापायच्या आधी गाडीला काळा रंग बसला. मिस्त्री आठवडाभर शेडमध्येच झोपले. वरातीच्या दिवशी दुपारी सेल्फ मारला तर गाडी चक्क पहिल्याच फटक्यात सुरू झाली. पण दुसरा गिअर काही केल्या पडेना. बापूंचा चेहरा उतरला. मिस्त्री मात्र मराठीत बोलले, आणि इतकं शहाणपणाचं बोलले की मी बघतच राहिलो.

‘बापू, वरातीला फर्स्ट गिअर बास हाय.’

खरंच बास होता. मारुतीच्या देवळापुढं रेडिएटर उकळला तेव्हा वाजपासाठी आणलेलं पाणी त्यात ओतलं. चौकात इंजिन बंद पडलं, पण डीजेच्या आवाजात ते बापू आणि मिस्त्री सोडून कोणाला कळलं नाही. नाचणारी पोरं गाडीला हात लावूनच नाचत होती, मिस्त्रींनी त्यांना खूण केली, आणि गाडी नाचत नाचत पुढे गेली.

घोटाळा झाला तो निघतानाच. मागच्या सीटवर पांढरा टॉवेल पसरलेला. फेटा बांधलेला पुतण्या मागचं दार उघडून वाकला, तर आत बापू आधीच बसलेले, नवा धोतरजोडा, हात गुडघ्यावर.

‘तू पुढं बस की रं, ड्रायव्हरपाशी,’ बापू म्हणाले. ‘पुढनं लोकांना चांगला दिसशील.’

वहिनी आरतीचं ताट घेऊन आल्या. पुढे मुंडावळ्या, मागे टॉवेल. त्यांनी खिडकीतून वाकून विचारलं, ‘आवं, लगीन कुणाचं हाय?’

बापूंनी मानसुद्धा वळवली नाही.

‘चेअरमन मागंच बसायचे,’ ते म्हणाले.