पारावरचं प्रिव्ही कौन्सिल

तात्यांच्या बंडीला दोन खिसे. डाव्यात धर्मशास्त्र, उजव्यात विलायत. बारामतीच्या कोर्टात तारखेला जाताना कुठल्या खिशात हात घालायचा, हे दावा कुणाशी आहे त्यावर ठरतं. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण चालू असतं, तेव्हासुद्धा हा माणूस शेजारच्याला मुदतीचा कायदा समजावत असतो.

एका पावसाळ्यात बांधाशेजारच्याचं शेततळं फुटलं आणि पाणी तात्यांच्या उसात शिरलं. तात्यांनी थेट १८६८ साल काढलं. "रायलँड्स विरुद्ध फ्लेचर! लँकेशायरच्या गिरणीवाल्याचं तळं, पाणी शिरलं शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत. हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणालं, हयगय असो-नसो, भरून द्या!"

पुढं तात्यांचंच तळं फुटलं आणि त्याच शेजाऱ्याचा कांदा बुडाला. तेव्हा पारावर निकाल आला, "इंग्रज जाऊन किती वर्षं झाली? त्यांची मढी कशाला उकरता?"

मग धाकटी बहीण हक्कसोडपत्रावर सही करेना. हात डाव्या खिशात गेला. "अगं, आपल्याकडं मिताक्षरा! कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वरानं नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. ते दिल्लीवाल्यांनी मोडायचं?" मुलीला जन्मानं हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती, त्यावरचा २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, हे सगळं त्यांच्या लेखी पोरकट.

आता खरं सांगायचं तर तात्यांची मिताक्षरा म्हणजे दिनशा मुल्लांच्या पुस्तकाचं झेरॉक्स. मुंबईचा पारशी, आडनाव मुल्ला, ग्रंथ हिंदू कायद्यावर, आणि पुढं स्वतः लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात न्यायाधीश! आपला सनातन कायदा असा आगबोटीनं जाऊन-येऊन असायचा. ताई महाराजांच्या खटल्यात टिळक वर्षानुवर्षं भांडले. १९०१ साली औरंगाबादला दत्तकविधान झालं की नाही, हे अखेर १९१५ मध्ये लंडननं ठरवलं, तेही टिळकांच्या बाजूनं. तेव्हा परका कायदा कोणता आणि घरचा कोणता, हे तात्यांना एकट्यालाच सुधरत नाही असं नाही.

बहीण मात्र निवृत्त शिक्षिका. शांतपणे म्हणाली, "दादा, चालव की मिताक्षरा. मुलगा असते तर जे मिळालं असतं त्याचा चौथा हिस्सा बिनलग्नाच्या बहिणीला द्यावा, असं विज्ञानेश्वर म्हणतो. आबा गेले तेव्हा माझं लग्न कुठं झालं होतं? वर बाईला वारशानं आलेलं ते तिचं स्त्रीधन, हेही त्याचंच. ते छाटलं तुझ्या लंडनच्या साहेबांनी."

तात्यांनी बोटांवर हिशेब केला. दोघंच भावंडं. अर्ध्याचा पाव म्हणजे रुपयातले दोन आणे. चेहरा उजळला. "झालं तर! शास्त्र ते शास्त्र. दोन आणे तुझे."

"दोन विज्ञानेश्वराचे घेते," ती म्हणाली, "आणि वरचे सहा २००५ चे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तात्या बारामतीला गेले. मुल्लांचं दुसरं पुस्तक हवं होतं, मुसलमानी कायद्याचं. त्यात बहिणीला भावाच्या निम्मं असतं, असं त्यांना भवानीनगरच्या कारखान्यावर कुणीतरी सांगितलं होतं.