लेव्हनस्टाइनांच्या जिमची सोडमुंज

परदेशी पांचट सिनेमांनी आपल्या मुलांचं वाटोळं केलं असं म्हणणाऱ्या मंडळींबद्दल आम्हाला आदर आहे. तक्रार एकच, की ही मंडळी ते सिनेमे शेवटपर्यंत पाहत नाहीत. नको ते दृश्य आलं की डोळे मिटतात आणि ते सरलं की टीव्ही बंद करतात. (मध्ये बोटांच्या फटीतून जे दिसतं ते आम्ही हिशेबात धरत नाही.) पण अशा सिनेमांत संस्कार असतात ते शेवटच्या वीस मिनिटांत, आणि तोवर आमचे संस्कृतिरक्षक निषेधाचं पत्रक लिहायला बसलेले असतात.

आम्ही मात्र ‘अमेरिकन पाय २’ हा २००१ सालचा चित्रपट पाट्या संपेपर्यंत पाहिला. अर्थातच समाजहितासाठी. पाहून आमचं मत असं झालं की हा चित्रपट मूल्यशिक्षणाच्या तासाला दाखवायला हरकत नाही. त्यात आक्षेपार्ह अशी एकच गोष्ट आहे आणि तिच्याकडे आजवर कोणत्याही मोर्चाचं लक्ष गेलेलं नाही. तिच्याकडे यथावकाश येऊ.

आधी पूर्वपीठिका. पहिला भाग १९९९ चा. मिशिगन राज्यातलं ईस्ट ग्रेट फॉल्स हे कल्पित गाव. पटकथाकार ॲडम हर्झ तिथल्याच ईस्ट ग्रँड रॅपिड्समध्ये वाढलेला. शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेले जिम लेव्हनस्टाइन, केविन, ऑझ आणि फिंच हे चार मित्र एकत्र बसून प्रतिज्ञा करतात की शाळा सुटायच्या आत ब्रह्मचर्य सोडायचं. मुदत ठरते, एकमेकांची प्रगती तपासली जाते, आणि काम बहुतांशी मुदतीत पार पडतं. आपल्याकडे चार जणांत एवढ्या शिस्तीने फक्त भिशी चालते. दरम्यान सफरचंदाच्या पाय नावाच्या पक्वान्नाशी जिमने जे केलं ते आम्ही इथे लिहीत नाही, कारण हे सदर लोक सकाळी चहाबरोबर वाचतात. त्या दृश्यात हालचाली किती असाव्यात यावर तिथल्या प्रमाणन मंडळाशी घासाघीस झाल्याचं मात्र प्रसिद्ध आहे. हालचाली मोजायला पगारी माणसं बसवणाऱ्या समाजाला बेशिस्त कोण म्हणेल?

हा भाग सुमारे १ कोटी १० लाख डॉलरमध्ये झाला आणि जगभरातून त्याने साडेतेवीस कोटी डॉलरच्या आसपास मिळवले. हर्झने पटकथा निर्मात्यांकडे पाठवली तेव्हा तिला धड नावही नव्हतं. एक कोटीच्या आत होईल अशी, वाचणाऱ्या बहुतेकांना आवडणार नाही पण तुम्हाला आवडेल अशी किशोरांची चावट विनोदिका, असलं काहीतरी लांबलचक मथळ्याच्या जागी लिहून त्याने ती धाडली होती. इतका प्रामाणिक प्रस्ताव पुन्हा कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही. कारण एकदा पैसा आला की वात्रटपणा हा वात्रटपणा राहत नाही, ती मालमत्ता होते, आणि मालमत्ता सांभाळायला जबाबदार माणसं लागतात. दुसऱ्या भागाला सुमारे तीन कोटी डॉलर मंजूर झाले. पहिल्या भागाचा दिग्दर्शक पॉल वाइट्झ होता. त्याच्या हाताखाली सहायक असलेल्या जे. बी. रॉजर्सकडे आता दिग्दर्शन आलं. ज्येष्ठतेनुसार बढती, हेही एक मूल्यच.

आता कथा. मुलं कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीत घरी आली आहेत आणि लेक मिशिगनच्या काठावर उन्हाळाभर एक बंगला भाड्याने घेतात. भाडं परवडत नाही. मग काय करतात? बापाकडे हात पसरतात? नाही. लोकांच्या घरांना रंग देतात. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना याहून वेगळी ती काय? शिकण्याचा विषय जरा निराळा आहे, एवढं मान्य.

जिमचा विषय म्हणजे नादिया. पहिल्या भागातली ही परदेशी विद्यार्थिनी उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा भेटायला येणार आहे आणि जिमचा आत्मविश्वास शून्य. म्हणून तो मिशेलकडे शिकवणी लावतो. मिशेल वाद्यवृंदाच्या शिबिराला जाणारी, बासरीवाली, सतत त्याच शिबिराच्या गोष्टी सांगणारी मुलगी. शिकवणी चालते आणि व्हायचं तेच होतं. नादिया प्रत्यक्ष समोर उभी राहते तेव्हा जिमला साक्षात्कार होतो की आपलं मन बासरीवालीत गुंतलंय. तो भरली पार्टी सोडून शिबिराकडे धाव घेतो.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी. मुंजीतला बटू सोडमुंजीला छत्री-काठी घेऊन काशीला निघतो, आणि मामा त्याला वाटेत गाठून ‘माझी मुलगी देतो, परत फिर’ म्हणतो. काशीला कुणी पोचत नाही, पोचायचं नसतंच. जिमची काशी म्हणजे तो तळ्याकाठचा बंगला. दीड तासाहून अधिक वेळ बीअर, बिकिन्या आणि कमरेखालचे विनोद ओलांडून बटू शेवटी येतो कुठे, तर घरगुती, जबाबदार आणि सूर-तालाची जाण असलेल्या मुलीपाशी. २००३ च्या तिसऱ्या भागात त्यांचं रीतसर लग्न लागतं. २०१२ मध्ये थिएटरात आलेल्या चौथ्या भागात पदरात मूल आहे आणि संसारात तोचतोचपणा आला आहे. याला जर कुणी संस्कृतिविरोधी म्हणत असेल तर त्याने आपल्या दैनंदिन मालिका काळजीपूर्वक पाहाव्यात.

आणि आपल्या प्राचीन ज्ञानाचा गौरव? तोही आहे. चौघांतला फिंच हा बुद्धिजीवी. पहिल्या भागात त्याचा स्टिफलर नावाच्या महाउर्मट मित्राच्या आईवर जीव जडला. दुसऱ्या भागात ती भेटेपर्यंत तो वेळ फुकट न घालवता तंत्रसाधना करतो. होय, आपलंच तंत्र. मित्र रोज रात्री उंडारत असताना हा पोरगा डोळे मिटून श्वासावर ताबा मिळवतोय, ऊर्जा साठवतोय. ज्या काळात आपल्या देशातला तरुण संगणकाच्या क्लासला चालला होता त्या काळात मिशिगनमधला एक गोरा मुलगा आपली परंपरा जिवंत ठेवत होता. विश्वगुरूपदाच्या दाखल्यांत हा दाखला कुणी दिल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. फिंचची साधना फळाला येते हेही नमूद करायला हवं. त्या बाई शेवटी गाडी घेऊन येतात.

नादियाबद्दल थोडं. पहिल्या भागात जिमने तिच्या नकळत खोलीत कॅमेरा लावला आणि ते चित्रण चुकून अख्ख्या शाळेला इंटरनेटवर गेलं. परिणाम काय झाला? नादियाला मायदेशी परत पाठवण्यात आलं. जिमची चार दिवस चेष्टा झाली. गुन्हा मुलाचा, बोभाटा मुलीचा, आणि सामान बांधायचं तेही तिनेच. हे पाहताना आम्हाला मिशिगन एकदम आपल्या तालुक्याच्या गावासारखं वाटलं. दुसऱ्या भागात ती काही तक्रार न करता, उलट हुरहुरत परत येते आणि पटकथा तिला शेरमन नावाच्या एका बाजूच्या पात्राच्या गळ्यात बांधून प्रकरण मिटवते. पंचायतीने याहून निराळं काय केलं असतं?

म्हणजे नीती शाबूत, लग्नसंस्था शाबूत, मुलीबद्दलचे आपले सनातन विचार शाबूत. मग आक्षेपार्ह काय आहे?

बाप.

जिमचे बाबा. नट यूजीन लेव्ही. भुवया अशा की कॅमेरा आधी त्यांच्यावर जातो आणि मग चेहऱ्यावर. दुसऱ्या भागाची सुरुवातच पाहा. कॉलेजच्या वसतिगृहातली खोली, वर्षाचा शेवटचा दिवस, जिम आणि एक मुलगी चादरीखाली. दार उघडतं. मुलाला घरी न्यायला आलेले बाबा दारात, मागोमाग आई, आणि पुरेसं झालं नाही म्हणून पाठोपाठ त्या मुलीचे आई-वडील. जिम चादर गळ्यापर्यंत ओढतो. आता आपल्याकडे या क्षणी काय घडलं असतं ते आम्ही लिहायला नको. आईच्या रक्तदाबापासून आजोबांच्या नावापर्यंत सगळं निघालं असतं आणि पुढच्या वर्षाची फी रद्द झाली असती. जिमचे बाबा गोंधळतात, चष्मा सावरतात, आणि पाहुण्यांशी ओळखीपाळखीचं बोलायला लागतात. जणू सगळे कुणाच्या साखरपुड्याला जमलेत.

पुढे जिम आणखी मोठा पराक्रम करतो. एकांतात, घाईत, अंधारात त्याच्या हाती भलतीच नळी लागते. ती निघते झटपट चिकटणाऱ्या गोंदाची. एक हात जिथे चिकटायला नको तिथे चिकटलेला, दुसऱ्या हाताला नको ती व्हिडिओ कॅसेट चिकटलेली, अशा अवस्थेत तो पोलिसांच्या झोतात छपरावर सापडतो. रवानगी इस्पितळात. आणि तिथे पुन्हा बाबा! आवाज चढत नाही, हात उगारला जात नाही, ‘यासाठीच का तुला शिकवलं’ येत नाही. ते शेजारी बसून मुलाला धीर देतात.

थिएटरात लोक गोंदावर हसले असतील. आम्हाला घाम फुटला तो या धीरावर. नागडेपणा आमच्या मुलांनी पाहिलेला आहे. कुठे पाहिला हे विचारायचं नसतं. दादा कोंडक्यांच्या द्व्यर्थी संवादांना आई-वडिलांच्या दोन पिढ्या पोट धरून हसल्या आणि तरी संस्कृती तगली. ‘बॉईज’ आणि ‘टकाटक’ यांचेही दुसरे भाग येऊन गेले. महाराष्ट्र जागेवर आहे. पण मुलाच्या लाजेच्या क्षणी त्याच्या शेजारी जाऊन बसणारा बाप आमच्या कोवळ्या मुलांना दाखवायचा? उद्या घरोघरी अपेक्षा निर्माण होतील. पोरगं येऊन सांगेल, ‘बाबा, जरा बोलायचं होतं.’ बोलायचं म्हणजे काय? पॉकेटमनी आणि मार्क सोडून घरात विषय आहेत कुठे?

निर्मात्यांनाही या बापाची ताकद कळली होती, हे त्यांच्या वागण्यावरून दिसतं. मूळचे नायक पांगले, मालिकेची थिएटरं सुटून थेट डीव्हीडीवर पाठवणी झाली, शिबिरं आणि वसतिगृहं बदलत राहिली, तरी २०१२ पर्यंतच्या आठही भागांत लेव्ही हजर आहेत. कुठल्यातरी अनोळखी पोराला जाऊन धीर देतात. २०२० च्या नवव्या भागात तेवढे ते नाहीत. दुसऱ्या भागाने जगभरात पावणेतीनशे दशलक्ष डॉलरच्या वर गल्ला केला, त्यात गोंदाचा वाटा किती आणि बापाचा किती, याचा तपशील कुणीतरी मांडायला हवा.

त्यातही अमेरिकनांचा आतला डाव पाहा. या चित्रपटाला तिथे ‘आर’ प्रमाणपत्र आहे. आपल्या ‘ए’सारखं ते सरसकट दार लावत नाही. सतरा वर्षांखालच्या मुलाने आई-वडील किंवा मोठं माणूस बरोबर आणलं की प्रवेश. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाने बापाच्या शेजारी बसून, एकाच मक्याच्या लाह्यांच्या पुड्यात हात घालत, गोंदाचं दृश्य पाहायचं! दोघांनी पडद्याकडे पाहायचं, एकमेकांकडे पाहायचं नाही, आणि मध्यंतरही नाही की पाणी प्यायच्या निमित्ताने उठता येईल. याहून अश्लील कल्पना आम्हाला तरी सुचत नाही.

सबब आमची शिफारस अशी. चित्रपट शाळेत दाखवावा. बिकिन्या राहू द्याव्यात, बीअर राहू द्यावी. शिव्यांच्या जागी ‘बीप’ घालावा म्हणजे मुलांना त्या ओळखण्याचा सराव राहील. गोंदाचं दृश्य विज्ञानाच्या शिक्षकांनी समजावून द्यावं. कात्री लावायची ती फक्त बाबांच्या दृश्यांना, आणि तीही पूर्ण. कापून कथानक तुटलं तरी चालेल, मुलांना बापाशिवाय कथानक समजून घ्यायची सवय आहे. एखादं दृश्य नजरचुकीने राहिलंच तर वार्षिक परीक्षेत हा प्रश्न सक्तीचा करावा: ‘जिमच्या जागी तू आणि त्याच्या बाबांच्या जागी तुझे बाबा असते तर काय झालं असतं, ते तुझ्या शब्दांत लिही. गुण १०. शब्दमर्यादा नाही. उत्तरपत्रिकेवर पालकांची सही आवश्यक.’